कात्यायनीचा वाटा

खापरखेड्याच्या आसपास वावराला आता वावराचा भाव राहिलेला नाही. एका अंगाला 1,340 मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र, दुसऱ्या अंगाला वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी, आणि सावनेरच्या रस्त्यानं वाढत वाढत इथवर येऊन टेकलेलं नागपूर. काल जिथं कापूस आणि तूर उभी होती तिथं आज चुन्याच्या रेघा मारलेला ले-आउट दिसतो. कोळशाच्या कंपनीनं दोन एकरांमागे एक नोकरी देऊ केली, किंवा एखाद्या बिल्डरनं इसार पुढे केला, की घराला सासरी गेलेल्या लेकींची आठवण होते. राखी नाही, भाऊबीज नाही, तरी फोन येतो. ‘बाई, एक दिवस ये. सही करायची आहे.’

सही करायची असते हक्कसोडपत्रावर. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अंगठ्याचा ठसा आणि फोटो घेतला जातो, जुजबी मुद्रांक लागतो आणि अर्ध्या तासात बहिणीचं नाव सातबाऱ्यावरून उतरण्याची वाट मोकळी होते. पुष्कळ ठिकाणी ते नाव मुळात नीट चढलेलंच नसतं. बाप गेल्यावर वारसाचा फेरफार होतो तेव्हा भाऊ कब्जेदार म्हणून लागतात आणि बहिणी ‘इतर हक्क’ या रकान्यात जातात. त्याच रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा असतो, विहिरीतल्या हिश्शाची नोंद असते. बापाची लेक तिथं बँकेच्या शेजारी बसते, आणि बोजा उतरवतात तशी एक दिवस उतरवली जाते.

कायद्यात आता संदिग्ध असं फारसं उरलेलं नाही. महाराष्ट्रानं 22 जून 1994 पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क दिला, मात्र त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं. म्हणजे जन्मानं मिळालेला हक्क लग्नानं जातो, असं एक अजब तत्त्वज्ञान अकरा वर्षं राज्याच्या कायद्यात नांदत होतं. 9 सप्टेंबर 2005 ला संसदेनं ती अट काढली. वडील तेव्हा हयात होते की नव्हते हा वाद सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 रोजी मिटवला: हक्क जन्माचा आहे, बापाच्या मरणाच्या तारखेचा नाही. एवढं सगळं होऊनही सह्या होतच आहेत, आणि बहुतेक सह्या जबरदस्तीच्या नसतात. माहेर तुटू नये म्हणून, भाचरांच्या लग्नात मानानं बोलावणं यावं म्हणून, बाप वर गेला त्याच्या जिवाला शांती मिळावी म्हणून त्या केल्या जातात. कायदा हरतो तो इथं, आणि त्याला हरवणारी गोष्ट बहुतांशी धार्मिक आहे. मुलगी परक्याचं धन, पिंड देणार मुलगा, आणि बाईचं मोठेपण घेण्यात नसून सोडण्यात, अशा तीन समजुती एकमेकींत गुंतून त्या सहीमागे उभ्या असतात. त्या एकेक सोडवून पाहिल्या तर शास्त्रात त्यांना वाटतो तेवढा आधार नाही, हे दिसू लागतं.

सोडण्याच्या मोठेपणाची सर्वांत जुनी साक्ष म्हणून मैत्रेयीचं नाव घेतलं जातं. बृहदारण्यक उपनिषदातली कथा शाळेतही सांगतात. याज्ञवल्क्य घर सोडून निघाला आहे. त्याला दोन बायका, मैत्रेयी आणि कात्यायनी. जाण्याआधी दोघींत वाटणी करून देतो, असं तो मैत्रेयीला सांगतो. ती विचारते, सगळी पृथ्वी धनानं भरून माझी झाली तरी मी अमर होईन का? तो म्हणतो, नाही. मग ते घेऊन मी काय करू, असं ती म्हणते, आणि तिथून आत्मज्ञानाचा तो थोर संवाद सुरू होतो. कीर्तनकार इथं थांबतो, श्रोते माना डोलावतात.

कात्यायनीचं काय झालं, हे मात्र कुणी विचारत नाही. उपनिषदाच्या एका पाठात तिच्याबद्दल एवढंच येतं की तिची समज चारचौघींसारखी होती. तिनं वाटा घेतला असणार, घर चालवलं असणार, आणि त्याबद्दल ग्रंथात निंदेचा एक शब्द नाही. मुख्य म्हणजे मैत्रेयी जे नाकारते ते आधी तिच्यापुढे ठेवलेलं आहे. नवरा स्वतः होऊन वाटणीचा विषय काढतो, आकडा दडवत नाही, आणि तिनं नाकारलेला वाटा दिराला मिळावा म्हणून कुणी दारात उभं नसतं. तिचा त्याग खरा ठरतो तो या मोकळेपणामुळे. ले-आउटचा भाव न सांगता घेतलेल्या सहीला मैत्रेयीची उपमा देणं हा मैत्रेयीचा अपमान आहे.

दुसरी समजूत पिंडाची. जो पिंड देतो तो धन घेतो, हे सूत्र गावात कुणाच्याही तोंडी सापडतं. धर्मशास्त्रात मात्र त्यावर भांडण आहे, आणि ते आपल्या शेजारीच झालेलं आहे. अकराव्या-बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांकडे, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, विज्ञानेश्वरानं याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. सपिंड कोण, या प्रश्नाला त्याचं उत्तर शरीराचं आहे: ज्यांच्यात एकाच देहाचे अंश उतरले ते सपिंड. श्राद्धाच्या भाताच्या गोळ्याशी त्यानं नातं बांधलेलंच नाही. या व्याख्येनं पाहिलं तर लेकीच्या अंगात बापाचा अंश मुलाच्या अंगापेक्षा कमी कसा म्हणायचा? गोळ्याशी नातं बांधलं ते बंगालातल्या जीमूतवाहनानं, ‘दायभाग’ या ग्रंथात. त्याच्या मते मेलेल्याच्या आत्म्याला ज्याच्याकडून जास्त लाभ त्याचा वारसा आधी.

गंमत अशी की पिंडावर सगळं उभं करणाऱ्या दायभागानं निपुत्रिक विधवेला एकत्र कुटुंबातही नवऱ्याचा वाटा दिला, आणि देहाचं नातं मानणाऱ्या मिताक्षरेनं तिला तो फक्त नवरा विभक्त असेल तेव्हाच दिला. एकत्र कुटुंबात तिच्या वाट्याला अन्नवस्त्र. म्हणजे पिंडाचा युक्तिवाद बाईच्या बाजूनंही चालतो आणि देहाचा युक्तिवाद तिच्या विरुद्धही. सिद्धांत कुठलाही असो, घरातल्या पुरुषांना एकत्र जमीन किती हवी आहे यावर निकाल ठरत आला आहे.

आणि तरी विज्ञानेश्वर आज कुणाला वाटेल त्याहून उदार होता. निपुत्रिकाच्या वारसांचा याज्ञवल्क्यानं दिलेला क्रम बायकोपासून सुरू होतो, मग मुली येतात, आईबाप आणि भाऊ त्यानंतर. शिवाय बाईला वारशानं, खरेदीनं, वाटणीनं जे जे मिळेल ते सगळं तिचं स्त्रीधन, असं त्यानं स्वच्छ लिहून ठेवलं. हे वाक्य मोडीत काढलं ते लंडनमध्ये. 1867 मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं ठरवलं की विधवेला नवऱ्याकडून वारशानं आलेली मिळकत तिचं स्त्रीधन नव्हे. ती हयातीपुरती तिच्याकडे, नंतर नवऱ्याच्या वारसांकडे. विधवेला ती विकता येई फक्त गरजेपोटी किंवा नवऱ्याच्या पारलौकिक कल्याणासाठी. नवऱ्याच्या नावानं गयेला जाण्यासाठी शेताचा तुकडा विकला तर न्यायालय समजून घेई. स्वतःच्या हौसेसाठी विकला तर नवऱ्याचे पुतणे दावा लावत. मुंबई इलाख्यात नीलकंठ भट्टाच्या ‘व्यवहारमयूखा’चा आधार होता म्हणून मुलीला बापाकडून आलेलं पूर्णपणे तिचं मानलं गेलं. इलाखा बदलला की धर्म बदलत होता. धर्म म्हणून आज जे सांगितलं जातं त्यात स्मृती किती आणि साहेबाच्या कचेरीतला निवाडा किती, हे वेगळं करायला गेलं तर पुष्कळांची पंचाईत होईल.

नागपूरकरांनी तर हे प्रकरण राजवाड्यात घडताना पाहिलं आहे.

1818 मध्ये सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांनी आप्पासाहेब भोसल्यांना पदच्युत केलं. गादीवर कुणाला बसवायचं? दुसऱ्या रघुजींच्या मुलीचा मुलगा निवडला गेला, त्याला भोसले घराण्यात दत्तक घेऊन तिसरा रघुजी म्हणून बसवलं, आणि दुसऱ्या रघुजींची विधवा बाकाबाई हिच्याकडे बाळराजाची देखरेख आली. राज्याची खरी सूत्रं रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सच्या हातात होती, हे वेगळं सांगायला नको. पण वारसा मुलीकडून नातवाकडे आणि दत्तकविधानानं गादीकडे जाऊ शकतो, हे इंग्रजांनी तेव्हा बिनतक्रार मानलं. सोयीचं होतं.

पस्तीस वर्षांनी सोय बदलली. 11 डिसेंबर 1853 ला तिसरे रघुजी वारले. त्यांना मुलगा नव्हता. घराण्यातला यशवंतराव अहिरराव हा मुलगा पुढे झाला, त्यानं अंत्यविधी केले, आणि राण्यांनी त्यालाच दत्तक मानलं. विधवेला नवऱ्याच्या परवानगीविना दत्तक घेता येतो, ही महाराष्ट्रातली जुनी रीत. रेसिडेंट मॅन्सेल याचाही कल घराणं राखण्याकडे होता. गव्हर्नर जनरल डलहौसीनं 28 जानेवारी 1854 च्या टिपणात निकाल लावला: राजानं जिवंतपणी दत्तक घेतलेला नाही, सबब राज्य कंपनीकडे. साताऱ्याचं राज्य खालसा केलं तेव्हापासून त्यानं एक भेद पुढे रेटला होता. दत्तक मुलगा पिंड देऊ शकेल, खासगी मिळकत घेऊ शकेल. राज्य मात्र वरिष्ठ सत्तेच्या मंजुरीविना त्याला मिळणार नाही. पिंड आणि पाट यांची इतकी स्वच्छ फारकत आपल्या एकाही शास्त्रकारानं केली नव्हती. नागपुरात तर खासगी मिळकतही सुटली नाही. हत्ती-घोडे विकले गेले, जडजवाहीर कलकत्त्याला नेऊन विकलं. सामान वाड्याबाहेर काढाल तर वाडा पेटवून देईन, असं म्हातारी बाकाबाई कडाडल्याचं त्या काळच्या इतिहासात नमूद आहे.

त्या रागाचा अर्थ कसा लावायचा, हा खरा तात्त्विक पेच. बाकाबाई स्वतःसाठी राज्य मागत नव्हत्या. एका मुलासाठी मागत होत्या. त्या काळच्या नियमानं विधवेनं दत्तक घेतला की मिळकत तिच्या हातून निघून त्या मुलाची होई. म्हणजे वारसा चालवण्याचा तिचा सर्वांत मोठा अधिकार हा स्वतःला वारसाहीन करण्याचा अधिकार होता. खापरखेड्याहून निघालेल्या विजेच्या तारेसारखी ती मधली बाई: सगळा भार तिच्यातून जातो, उजेड दुसरीकडे पडतो. विधवेनं दत्तक घेतला तरी तिची मिळकत तिच्याकडेच राहील, ही दुरुस्ती व्हायला 1956 साल उजाडावं लागलं.

बाकाबाईंनी 1857 मध्ये इंग्रजांची बाजू धरली, नागपूर शांत ठेवलं, आणि पुढच्याच वर्षी त्या गेल्या. 1860 मध्ये त्या दत्तकाला, आता जानोजी झालेल्याला, ‘देऊरचे राजाबहाद्दूर’ हा किताब मिळाला. गेलेलं राज्य नाही, पण नाव परत आलं. नागपूरनं मात्र बाकाबाईंना माफ केलं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवून जाळला जाणारा काळ्या मारबतीचा पुतळा ही बाकाबाईच्या फितुरीची खूण, असं जुन्या नागपुरात सांगतात. 1880 च्या दशकापासून ती जळते आहे. फितुरी होती यात शंका नाही. तरी त्याच काळात इंग्रजांशी जुळवून घेतलेले संस्थानिक पुरुष थोडेथोडके नव्हते, आणि त्यांच्या मारबती कुठं निघत नाहीत, हेही ध्यानात ठेवावं.

ज्या बाईला मधली न राहता मालकीण होता आलं तिचं उदाहरण होळकरांकडे आहे. 1734 मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना खासगीची जहागीर वेगळी तोडून दिली. दौलत मल्हाररावांची, खासगी बाईंची. ती पुढे सुनेकडे, अहिल्याबाईंकडे आली: सासूकडून सुनेला, पुरुषाच्या नावावर न थांबता. 1767 मध्ये मुलगा मालेराव गेला तेव्हा दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी कुणीतरी दत्तक घ्या, असं सुचवलं. बाकाबाईंनी पुढे ज्यासाठी आकांत केला तीच गोष्ट अहिल्याबाईंनी ठामपणे नाकारली, आणि 13 ऑगस्ट 1795 ला डोळे मिटेपर्यंत राज्य स्वतः चालवलं. आदेशांवर ‘श्रीशंकर’ असे. राज्य देवाचं, आपण कारभारी. देवाच्या नावाचा असा उपयोग करणारी बाई साधी नसते. पुत्राचं नाव पुढे केलं असतं तर कारभार पुत्राच्या चुलत्यांकडे गेला असता, देवाला चुलते नाहीत.

खासगीच्या उत्पन्नातून त्यांनी काशी, सोमनाथ आणि कुठं कुठं बांधलं त्याची यादी सगळ्यांना पाठ आहे. त्यातलं गयेचं विष्णुपद मंदिर 1787 चं. सगळा भारत पिंड द्यायला जिथं जातो ते देऊळ मुलगा गमावलेल्या एका मराठी विधवेच्या पैशानं उभं आहे. आणि त्याच गयेत, फल्गूच्या पलीकडच्या काठावर, सीताकुंड आहे. कथा अशी की राम-लक्ष्मण सामान आणायला गेले असताना दशरथाचा हात वाळूतून वर आला आणि त्यानं पिंड मागितला. जवळ काही नव्हतं. सीतेनं वाळूचा पिंड दिला, आणि दशरथ तृप्त झाला. राम परतल्यावर साक्षीदार फिरले, फक्त वडानं खरं सांगितलं. खोटं बोलल्याबद्दल फल्गू शापानं कोरडी पडली. सुनेनं दिलेला पिंड सासऱ्याला पोचतो, हे ज्या क्षेत्रात देवादिकांच्या साक्षीनं ठरलं, त्याच क्षेत्राचं नाव घेऊन लेकीला वाटा नाकारायचा. हे धाडस मोठंच म्हणायचं.

सीतेचा विदर्भाशीही हिशेब आहे. यवतमाळ जिल्ह्यात राळेगावजवळ रावेरी नावाचं गाव आहे, तिथल्या देवळात सीता एकटी आहे, शेजारी राम नाही. टाकून दिलेली सीता इथं राहिली, लव-कुशांसाठी तिनं गावात गहू मागितला, लोकांनी दिला नाही, तेव्हा तिच्या शापानं रावेरीत गहू पिकेना, अशी गावाची आठवण. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी या देवळाचा जीर्णोद्धार केला. 1986 च्या नोव्हेंबरमध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन झालं, आणि त्यातून पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला: शेतकऱ्यानं आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायचा. शंभरावर घरांनी तसं केलं की ते गाव लक्ष्मीमुक्त. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरनं सुरुवात केली, मग विदर्भ-मराठवाड्यातली गावं आली.

जोशींचा मुद्दा कर्जाचा होता. सरकारकडे कर्जमुक्ती मागणाऱ्यानं आधी घरच्या लक्ष्मीचं देणं फेडावं. दान म्हणून नाही, उपकार म्हणून नाही. राबलेल्या हातांचं थकलेलं देणं म्हणून. देव, ऋषी आणि पितर या तीन ऋणांच्या परंपरेत वाढलेल्या शेतकऱ्याला ही भाषा पटकन कळली. तिच्यात एक उणीव राहिली ती अशी की बायकोचं ऋण मान्य झालं, लेकीचं नाव निघालंच नाही. कर्ज फेडणारा नवरा होता. बाप आणि भाऊ त्या सभेत नुसते टाळ्या वाजवायला होते.

नागपूरच्या आसपासचा हा प्रश्न आणखी एका तारखेशी जोडलेला आहे. मुलीला बरोबरीचा वाटा आणि विधवेला पूर्ण मालकी द्यावी, हे हिंदू कोड बिलात घालून ते पुढे रेटणारे कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बिल रखडलं, धर्म बुडाला अशी ओरड झाली, आणि सप्टेंबर 1951 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्याच्या कारणांत हे कारण ठळक होतं. पुढे तुकड्यातुकड्यांनी कायदे झाले. हिंदू उत्तराधिकार कायदा 17 जून 1956 ला लागू झाला आणि बाईची हयातीपुरती मालकी संपून ती पूर्ण झाली. चार महिनेही उलटले नव्हते, आणि 14 ऑक्टोबरला नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी लाखोंसह धम्म स्वीकारला. बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. खापरखेडा, कामठी, कन्हान या पट्ट्यातल्या हजारो घरांनी पिंड सोडला तो तेव्हापासून.

पण तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्यामुळे या घरांची स्थिती मोठी विचार करण्यासारखी झाली. पिंडाचं तत्त्वज्ञान टाकलं, वारसाहक्काची चौकट मात्र तीच राहिली. पिंड नसला की मुलाचा विशेष हक्क कशावर उभा राहतो? कशावरच नाही. म्हणून खरी परीक्षा इथं आहे. या वस्त्यांतही हक्कसोडपत्रं होतातच, भाऊ-बहिणीच्या मायेच्या नावानं. शास्त्राचा आधार काढून घेतल्यावरही रीत उभी राहते, तेव्हा ती शास्त्रावर कधी उभीच नव्हती असं म्हणावं लागतं.

इतर घरांचा हिशेब थोडक्यात. कुराणानं मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा असा ठरवूनच दिला, तोही सातव्या शतकात; पण 1937 च्या शरियत कायद्यानं शेतजमीन बाहेर ठेवली, आणि भावासाठी वाटा सोडण्याची चाल त्या घरांनाही अनोळखी नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्यानं आईबापांना मुलांचा निम्मा हिस्सा हिरावताच येत नाही, मग तो मुलगा असो की मुलगी. आणि ज्या गोंडांनी नागपूर वसवलं त्यांच्या लेकी 1956 च्या कायद्यात येतच नाहीत, कारण अनुसूचित जमातींना तो लागू नाही. रूढीच्या नावाखाली त्यांना वगळलं जाई. जुलै 2025 मध्ये छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की बाईला वारसा नाही अशी रूढी सिद्ध झाली नसेल तर समतेनं वाटा द्यावा लागेल.

खापरखेड्याहून जवळच कोराडीला जगदंबेचं देवस्थान आहे. नवरात्रात तिथं जी गर्दी उसळते त्यात सही करून आलेल्या बहिणी असतात आणि सही घेतलेले भाऊही असतात. आपल्या कायद्यात देवी ही व्यक्ती आहे. जमीन, दागिने, पैसा तिच्या मालकीचे असू शकतात, तिच्या नावानं दावा लावता येतो. तिला हक्कसोड करायला कुणी सांगत नाही. पुजारीपणाचा वारसाही बाईला मिळू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयानं 1955 मध्येच सांगितलं. पूजा वाटल्यास दुसऱ्याकडून करून घ्यावी.

उरली ती तिसरी समजूत, मुलगी परक्याची झाल्याची. लग्नानं गोत्र बदलतं, म्हणून घर बदलतं, म्हणून वारसा बदलतो. या युक्तिवादाला सर्वांत जुनं उत्तर नागपूर जिल्ह्यातच आहे. रामटेकच्या पायथ्याचं नगरधन म्हणजे वाकाटकांचं नंदिवर्धन. चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास इथून प्रभावतीगुप्ता राज्य करत होती. दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक, दुसऱ्या रुद्रसेनाची विधवा, अज्ञान मुलाच्या वतीनं कारभार पाहणारी. तिनं ब्राह्मणाला गाव दान दिलं त्याचा ताम्रपट पुण्यात सापडला म्हणून पुण्याचा ताम्रपट म्हणतात. दुसरा रिद्धपूरचा, रामगिरीच्या स्वामीच्या पायाशी दिलेला. वा. वि. मिराशींनी नागपुरात बसून या लेखांचं संपादन केलं. या पटांत ती वंशावळ सांगते ती बापाची, गुप्तांची, आणि गोत्र सांगते धारण, म्हणजे माहेरचं. वाकाटकांचं विष्णुवृद्ध गोत्र तिनं घेतलेलं नाही. राणी म्हणून, आई म्हणून, वैष्णव भक्त म्हणून ती गाव देते आहे, आणि देताना आपण कुणाची लेक हे तिला झाकावंसं वाटत नाही.

सोळाशे वर्षांनी, सप्टेंबर 2025 मध्ये, हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आला. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 15 प्रमाणे विवाहितेनं मृत्युपत्र केलं नसेल, नवरा आणि मुलं नसतील, तर तिनं स्वतः कमावलेली मिळकतही आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, आईबापांकडे नंतर. 2009 मध्ये या कलमाचा अर्थ किती कठोर निघतो ते दिसलं होतं. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेली, सासरच्यांनी हाकललेली, माहेरी राहून शिकलेली आणि नोकरी केलेली बाई मेली, आणि तिची सगळी बचत तिला हाकलणाऱ्या सासरच्या माणसांना मिळाली. कलमालाच आव्हान देणाऱ्या याचिकांवर बोलताना न्यायमूर्तींनी कन्यादानाचा आणि लग्नानं गोत्र बदलण्याचा उल्लेख केला, हजारो वर्षांची समाजरचना एकदम मोडायला नको असा सूर लावला. नगरधनची राणी त्या वेळी कुणाला आठवली नाही. नोव्हेंबरमध्ये त्याच न्यायालयानं बायकांना आवाहन केलं की आपल्या मिळकतीचं मृत्युपत्र वेळीच करून ठेवा.

हा सल्ला थोडा विचित्र आहे, कारण कलम सदोष असेल तर ते दुरुस्त करणं हे बायकांचं काम नव्हे. पण व्यवहार म्हणून तो पक्का आहे, आणि त्यात एक गोष्ट अशी आहे जी हक्कसोडपत्रात कधीच नसते: कुणाला द्यायचं हे इथं ती ठरवते. भावाला द्यावं, सुनेला, भाचीला, कोराडीच्या देवीला किंवा शेजारणीच्या शिकणाऱ्या मुलीला. त्यासाठी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जावंच लागतं असंही नाही. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही; साधा कागद चालतो, त्यावर तिची सही आणि ती सही होताना समोर असलेले दोन साक्षीदार.